मुंबई कुठे आहे?

या प्रश्नाचं शाळेतलं उत्तर सोपं आहे. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांश, ७३ अंश पूर्व रेखांश. भूगोलात याला निरपेक्ष स्थान म्हणतात आणि ते कधी बदलत नाही. पण भूगोलाचा अभ्यासक एवढ्यावर थांबत नाही. हे ठिकाण कशाच्या जवळ आहे, कशापासून लांब आहे, मध्ये काय आडवं येतं, हेही तो विचारतो. त्या उत्तराला सापेक्ष स्थान म्हणतात, आणि ते मात्र बदलतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई जागची तसूभर हलली नाही, तरी तिचं सापेक्ष स्थान पार पालटलं.

मुंबईचं बंदर मुळातच उत्तम. बेटाच्या पूर्वेला खोल पाणी, आणि नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्यापासून आडोसा. १६६८ साली हे बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं, पण त्यानंतरही कित्येक दशकं व्यापारात वरचढ राहिलं ते सुरत. सुरतेच्या पाठीशी गुजरातचा सपाट मुलूख होता आणि तापीच्या खोऱ्यातून थेट बऱ्हाणपूरपर्यंत वाट होती. मुंबईच्या पाठीशी होता सह्याद्री, आणि त्यापलीकडे मराठ्यांचं राज्य. बंदराला माल पुरवणाऱ्या आणि बंदरातून माल घेणाऱ्या या पाठच्या मुलखाला पृष्ठप्रदेश म्हणतात. तो नसेल, तर कितीही खोल बंदर गलबतांना आसरा देण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही.

मग १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे चढली आणि १८६५ मध्ये थळघाटातूनही गाड्या धावू लागल्या. नकाशावरचं मुंबई-पुणे अंतर होतं तेवढंच राहिलं. पण भूगोलात अंतर नुसतं किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, ते वेळात आणि पैशातही मोजावं लागतं. घाट चढायला किती बैल लागतात, पावसाळ्यात वाट बंद राहते का, माल भिजतो का, हे सगळं अंतरच आहे.

याचा सगळ्यात बोलका दाखला मला वऱ्हाडात दिसतो. रेल्वेच्या आधी वऱ्हाडातला बराच कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा आणि तिथून नदीने बंगालकडे. म्हणजे वऱ्हाडचं तोंड पूर्वेला होतं! १८६७ पर्यंत लोहमार्ग भुसावळ, बडनेरा करत नागपूरला पोचला आणि अख्ख्या प्रांताने तोंड पश्चिमेकडे फिरवलं. माती तीच काळी, पीक तेच, पण वऱ्हाड आता मुंबईचा पृष्ठप्रदेश झालं होतं.

‘प्रदेश’ ही कल्पना इथे नीट कळते. एक प्रदेश सारखेपणावरून आखतात, म्हणजे पाऊस, माती, पिकं पाहून. त्या नकाशात मुंबई कोकणात पडते आणि अमरावतीचा तिच्याशी काही संबंध राहत नाही. दुसरा प्रदेश देवाणघेवाणीवरून आखतात, त्याला कार्यात्मक प्रदेश म्हणतात. माल, माणसं आणि पैसा कुठून कुठे जातो ते पाहिलं, की अमरावती आणि मुंबई एकाच नकाशात येतात. रत्नागिरीही येते, पण वेगळ्या कारणाने. तिथून कापूस नाही, माणसं आली. कोकणात रेल्वे सलग धावायला १९९८ उजाडलं. त्याआधी कैक पिढ्या चाकरमानी बोटीने मुंबई गाठत होते आणि गिरण्यांत राबत होते.

आता राहिलं प्रमाण, म्हणजे किती जवळून किंवा किती लांबून पाहायचं ते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) तिथला कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या भारताकडे वळल्या. मुंबई शहरापुरतं पाहिलं तर पैशाचा पूर, शेअरचा सट्टा आणि १८६५ मधलं दिवाळं दिसतं. जगाच्या नकाशावर तीच गोष्ट एका व्यापारी वाटेला मिळालेला तात्पुरता पर्याय ठरते. आणि वऱ्हाडातल्या एका शेतापुरतं पाहिलं तर दिसतं, की तिथला भाव आता लिव्हरपूलच्या बाजारात ठरू लागला आहे. यातलं कुठलंच चित्र खोटं नाही. फक्त शहराच्या पातळीवर काढलेला निष्कर्ष शेतावर लादला, की गफलत होते. ‘मुंबई श्रीमंत झाली’ या वाक्याने वऱ्हाडातल्या शेतकऱ्याबद्दल काहीच कळत नाही.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला घातला जाणारा वळसा टळला. लंडन ते मुंबई जलमार्ग हजारो किलोमीटरनी आखूड झाला. युरोपातून येणाऱ्या जहाजांना भारताचा पश्चिम किनारा आता आधी लागायचा, आणि कलकत्त्याच्या तुलनेत मुंबईचं पारडं जड झालं.

पण सापेक्ष स्थान मिळतं तसं जातंही. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक मोठ्या कंपन्यांनी सुएझची वाट सोडून पुन्हा केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून युरोपला निघालेल्या कंटेनरला साधारण दहा ते पंधरा दिवस जास्त लागू लागले, भाडी वाढली, विमा महागला. अक्षांश-रेखांश जिथल्या तिथे असताना युरोप मुंबईपासून लांब गेला.