मेंदूतील गाठ आणि भाषा : रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

दादर येथील आमच्या वाचा-उपचार केंद्रात येणारे नातेवाईक बहुधा दोन प्रश्न विचारतात. गाठ लहान असताना बोलण्यावर इतका परिणाम का झाला, आणि एखाद्याची गाठ मोठी असूनही त्याचे बोलणे इतके दिवस चांगले कसे राहिले?

फ्रेंच डॉक्टर ब्रोका यांनी १८६१ मध्ये आणि जर्मन डॉक्टर वेर्निके यांनी १८७४ मध्ये मेंदूच्या डाव्या बाजूच्या ज्या भागांचा संबंध अनुक्रमे बोलण्याशी व समजण्याशी जोडला, त्यांना आजही भाषाकेंद्रे म्हटले जाते. प्रत्यक्षात भाषा कोणत्याही एका केंद्रात साठवलेली नसते. दूरदूरचे भाग आणि त्यांना जोडणारे मज्जातंतूंचे जुडगे एकत्रितपणे हे काम करतात, त्यामुळे महत्त्वाच्या जुडग्यालगतची छोटी गाठही पुष्कळ नुकसान करू शकते. ग्लायोमासारखी, म्हणजे मेंदूतील आधारपेशींपासून वाढणारी, गाठ तर या तंतूंच्या मार्गानेच पसरते. गाठीभोवतीच्या सुजेचा दाबही बोलण्यात अडथळा आणतो. स्टेरॉइडने सूज उतरली की काही रुग्णांचे बोलणे थोड्याच दिवसांत सुधारते, पण गाठ तिथेच असते, म्हणून पुढील उपचार लांबवू नयेत.

पक्षाघात अचानक येतो, त्यात मेंदूला सावरायला वेळ मिळत नाही. सावकाश वाढणाऱ्या गाठीत मात्र शेजारचे, कधी उजव्या बाजूचेही, भाग हळूहळू काम उचलतात. म्हणूनच सुरुवातीची लक्षणे फार सौम्य असतात : खवणी पाहून ‘ते नारळाचं’ एवढेच म्हणणे, वाक्य अर्धे सोडणे, चारचौघांच्या गप्पांत मागे पडणे. हे वयामुळे किंवा लोकलच्या दगदगीमुळे होत असेल, असे समजून घरचे गप्प बसतात, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

काही रुग्णांची शस्त्रक्रिया त्यांना जागे ठेवून केली जाते. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाहीत. शल्यविशारद एकेका जागी सौम्य विद्युतप्रवाह देत असताना रुग्ण चित्रांतील वस्तूंची नावे सांगतो, आणि जिथे त्याचे बोलणे अडते ती जागा शक्यतो वाचवली जाते. मुंबईत ही चाचणी विशेष काळजीने घ्यावी लागते, कारण घरी मराठी, बाजारात हिंदी आणि कार्यालयात इंग्रजी बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूत या भाषांच्या जागा बऱ्याच अंशी सामाईक असल्या, तरी एखाद्या जागी एकच भाषा अडल्याचे आढळते. केवळ इंग्रजीत चाचणी घेतली, तर ज्या भाषेत तो नातवंडांशी बोलतो ती तपासायची राहून जाईल.

म्हणून पहिल्या भेटीला येताना रुग्ण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, वाचतो आणि हिशेब करतो, हे लिहून आणावे. शक्य असल्यास आजारापूर्वीचे त्यांच्या आवाजातील एखादे ध्वनिमुद्रणही आणावे.

बोलणे अचानक बंद पडले किंवा फिट आली, तर आमच्या भेटीची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.