विमानाचा तासाचा रेट आणि प्रत्यक्षात होणारं बिल

विमान उडवायला शिकू पाहणाऱ्यांचा फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, तासाला किती? रेट आम्ही लगेच सांगतो, पण नुसता तो आकडा घेऊन चार ठिकाणी तुलना करायला बसाल तर फसाल, कारण तास कुठल्या मीटरवर मोजतात ते कोणी विचारतच नाही.

विमानात बहुधा दोन मीटर असतात. हॉब्स मीटर साधारणपणे इंजिन चालू झालं की पळायला लागतो, मग तुम्ही हवेत असा नाहीतर रनवेच्या तोंडाशी क्लिअरन्सची (उडायच्या परवानगीची) वाट बघत उभे असा. टॅको इंजिनच्या आरपीएमवर, म्हणजे फिरण्याच्या वेगावर चालतो, त्यामुळे टॅक्सी करताना (विमान जमिनीवर हळू चालवताना) तो रेंगाळतो. एकाच फ्लाइटचे हॉब्सवर १.३ आणि टॅकोवर १.१ तास येऊ शकतात (आणि १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं बरं का, दीड तास नव्हे). आमचं बिल हॉब्सवर असतं, त्यात तास जास्त भरतात, म्हणून टॅकोवाल्यांपुढे आमचा रेट कमी दिसतो, हे आम्हीच सांगितलेलं बरं. उडायच्या आधी आणि उतरल्यावर मीटरचा फोटो काढून ठेवा, आम्हाला राग येत नाही.

मग वेट का ड्राय. वेट रेटमध्ये इंधन धरलेलं असतं, ड्रायमध्ये ते तुमच्या खिशातून. टू-सीटर सेसना १५२ तासाला साधारण २२-२५ लिटर पिते, चार सीटची सेसना १७२ तीसच्या वर जाते, तेव्हा शिकायला धिप्पाड माणूस नसेल तर छोटं विमान भागतं. बाकी रेटमध्ये १०० तासांचं इन्स्पेक्शन, इन्शुरन्स, हँगर आणि पुढे कधीतरी करायच्या इंजिन ओव्हरहॉलसाठी बाजूला टाकलेले पैसे असतात. नुसत्या इंधनाचा हिशोब करून "एवढे कसे" विचारणारे बरेच भेटतात म्हणून लिहिलं.

इन्स्ट्रक्टर, लँडिंग फी, परीक्षेची फी बहुतेक ठिकाणी वेगळी.

आता तास किती लागतील. आंतरराष्ट्रीय नियमात प्रायव्हेट लायसन्सला किमान ४० तास, मान्यताप्राप्त कोर्समधून केलं तर ३५, कमर्शियलला (पगारी पायलटच्या लायसन्सला) २००, तशा कोर्समधून १५०. पण हे किमान आहे, तेवढ्यातच उरकणारे कमी, तेव्हा बजेट त्याच्या दीडपट धरूनच या. खरा खर्च वाढतो तो गॅपमुळे, आठवड्यातून दोन-तीनदा उडणारा पुढे सरकतो आणि महिन्यातून एकदा येणारा मागचंच लँडिंग परत गिरवत बसतो, तेही पूर्ण रेटने. थोडे पैसे साठवून सलग उडालेलं स्वस्त पडतं.

मेडिकल तपासणी आधी करून घ्या, कमर्शियलला जायचं असेल तर क्लास वन, म्हणजे सगळ्यात कडक. त्यात अडकलात तर भरलेल्या फीचा वाद नको.

आणि डिस्काउंट दिसतो म्हणून सगळ्या कोर्सचे पैसे एकदम भरू नका, आमच्याकडेही नाही. १० तासांचा ब्लॉक घ्या, उरलेले तास परत मिळण्याची अट लेखी घ्या, आणि विमान ठोकलं तर इन्शुरन्सआधी तुमच्यावर किती येतं तो आकडा सही करायच्या आधी विचारा.