'पर से' : दोन शब्दांत अडकलेले सॉफ्टवेअर पेटंट

सॉफ्टवेअरला पेटंट द्यावे की नाही, हा वाद भारतात पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमातील दोन लॅटिन शब्दांभोवती फिरत आला आहे. मूळ १९७० च्या कायद्यात संगणक आज्ञावलीचा उल्लेख नव्हता. २००२ च्या दुरुस्तीने गणिती व व्यवसायपद्धती, अल्गोरिदम (प्रश्न सोडवण्याच्या ठरावीक पायऱ्या) आणि 'कॉम्प्युटर प्रोग्रॅम पर से' यांना पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवले.

'पर से' म्हणजे 'केवळ त्या स्वरूपात'. विधेयक तपासणाऱ्या संसदीय समितीने हे शब्द सुचवताना सांगितले की, आज्ञावलीला पूरक असे किंवा तिच्या आधारे विकसित झालेले काही शोध ठरत असेल, तर ते नाकारण्याचा हेतू नाही. मात्र यंत्राशिवाय आज्ञावली चालतच नसल्यामुळे 'केवळ आज्ञावली' कुठे संपते, हे ठरवण्याची कसोटी कोणीच दिली नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने उद्योगातील तांत्रिक उपयोग आणि हार्डवेअरशी संयोग यांना उघड सूट दिली. पण काही महिन्यांतच संसदेने ती गाळून जुनीच शब्दरचना कायम ठेवली. औषधांच्या पेटंटवरील गदारोळात हा निर्णय झाकोळला गेला, तरी संसदेने हा प्रश्न समोर असताना नकार दिला होता, हे विसरून चालत नाही.

विरोधकांचा मुद्दा साधा होता. आज्ञावलीला कॉपीराइटचे संरक्षण आहेच, आणि ते नकलेपुरते असते. पेटंट मात्र तीच युक्ती स्वतंत्रपणे सुचलेल्या छोट्या कंपनीलाही आडवे येते. पेटंटशिवाय संशोधनावरचा खर्च भरून निघत नाही, असे समर्थक म्हणत.

पुढची लढाई सभागृहाबाहेर, पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांत झाली. ऑगस्ट २०१५ ची तत्त्वे अर्जदारांना अनुकूल मानली गेली आणि आक्षेपांनंतर डिसेंबरात स्थगित झाली; फेब्रुवारी २०१६ मध्ये नावीन्यपूर्ण हार्डवेअरची अट आली आणि २०१७ मध्ये तीही गेली. कायद्यातले अक्षरही न बदलता दोन वर्षांत तीन भूमिका झाल्या. २००२ च्या एका अर्जावर डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने 'तांत्रिक परिणाम', म्हणजे आज्ञावलीमुळे यंत्राच्या कामात होणारी तांत्रिक सुधारणा, पाहून फेरविचार करण्याचा आदेश दिला, तेव्हा सतरा वर्षे उलटली होती. पेटंटची मुदतच २० वर्षांची असते.