लबोदी बंधू (हवाई जहाज निर्माते)

फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई जहाजे बांधणारा उद्योग. पॉल आणि प्येर लबोदी या साखर कारखानदार भावांनी तो उभा केला. हवाई जहाज म्हणजे हायड्रोजनसारख्या हलक्या वायूने भरलेले, इंजिनावर चालणारे आणि सुकाणूने वळवता येणारे लांबट बलून. जर्मनीतील झेपेलीनची जहाजे नावाजली जाण्याआधीच लबोदींचे जहाज ठरल्या ठिकाणी जाऊन उतरले होते. आज मात्र झेपेलीन हे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि लबोदी फारसे कोणाला आठवत नाही.

या कुटुंबाचा पॅरिसच्या ला व्हिलेत भागात साखर शुद्ध करण्याचा कारखाना होता आणि पैशाला तोटा नव्हता. (याच घराण्यातील झाक लबोदी या चुलतभावाने १९०३ मध्ये स्वतःला ‘सहाराचा सम्राट’ घोषित केले होते. त्यामानाने या दोघांचा छंद बराच शहाणपणाचा म्हणायचा.) बांधणीचा आराखडा मात्र भावांचा नव्हता, तो कारखान्यातील अभियंता आंरी झ्युलियो याचा होता. वायूची पिशवी एदुआर सुर्कूफ या बलूनकाराच्या कार्यशाळेत शिवून घेतली गेली आणि सेन नदीकाठच्या म्वासाँ गावी जहाजासाठी मोठी शेड उभी राहिली.

झ्युलियोची रचना अर्धदृढ प्रकारची होती. नुसत्या कापडी पिशवीला खाली माणसे आणि इंजिन टांगले की ती मधेच वाकते. झेपेलीनप्रमाणे आत पूर्ण धातूचा सांगाडा घातला, तर वजन वाढते आणि जहाज फार मोठे करावे लागते. झ्युलियोने मधला मार्ग काढला. त्याने पिशवीच्या सपाट तळाला पोलादी नळ्यांची चौकट जोडली आणि तिच्याखाली पोलादी तारांनी पाळणा टांगला, त्यामुळे भार सगळ्या लांबीवर विभागला गेला. पिशवीच्या आत हवेची एक लहान पिशवी असे. वायू कमी झाला की पंख्याने तिच्यात हवा भरून बाहेरचा आकार ताठ ठेवत. चौकट सुटी करता येत असल्याने जहाज उतरवून गाडीतून नेणे शक्य होते आणि लष्कराला ही सोय विशेष भावली.

पहिल्या जहाजाला लोक ‘ल झोन’, म्हणजे ‘पिवळे’, म्हणत. हा रंग शोभेसाठी नव्हता. पिशवीचे कापड रबर लावलेले सुती होते आणि उन्हाने रबर खराब होते. ते वाचवण्यासाठी कापडाला लेड क्रोमेटचा पिवळा लेप दिला होता. सुमारे ५७ मीटर लांबीचे हे जहाज १३ नोव्हेंबर १९०२ रोजी मोकळे उडाले. पाळण्याच्या दोन बाजूंना जहाज पुढे ढकलणारे दोन पंखे होते आणि ते फिरवायला डाइमलरचे सुमारे ४० अश्वशक्तीचे इंजिन होते. १२ नोव्हेंबर १९०३ रोजी चालक जॉर्ज ज्यूश्मेस याने ते म्वासाँहून पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर आणले. ६२ किलोमीटरला १ तास ४१ मिनिटे लागली. आठच दिवसांनी लष्करी तळावर उतरताना ते झाडावर आदळले आणि पिशवी फाटली. भावांनी ते पुन्हा बांधले.

१९०६ च्या अखेरीस लष्करासाठी बांधलेले ‘पात्री’ तयार झाले. पंतप्रधान क्लेमांसो यांनीही त्यातून फेरी मारली. २३ नोव्हेंबर १९०७ रोजी पॅरिसजवळच्या मदाँहून व्हर्दं किल्ल्यापर्यंतचे सुमारे २४० किलोमीटर त्याने सात तासांच्या आत कापले. सीमेवरच्या किल्ल्यावर स्वतःच्या बळावर उडत गेलेले जहाज म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो आठवडाभरही टिकला नाही. २९ तारखेला यांत्रिकाचे कपडे यंत्राच्या चाकात अडकले, इंजिन बंद पडले आणि जहाज उघड्या माळावर उतरवावे लागले. दुसऱ्या दिवशी वादळ सुटले. दोर धरून उभ्या असलेल्या सुमारे दोनशे सैनिकांच्या हातून जहाज निसटले आणि आत एकही माणूस नसताना वर गेले. इंग्लिश खाडी आणि वेल्स ओलांडून ते आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ जमिनीला घासले. तिथे त्याचा एक पंखा तुटून पडला. त्याने हलके होऊन ते पुन्हा उचलले गेले आणि समुद्राकडे निघून गेले. पुढे ते कुणाला सापडले नाही.

त्याच्या जागी आलेल्या ‘रेपुब्लिक’चा शेवट अधिक वाईट झाला. २५ सप्टेंबर १९०९ रोजी मुलँ गावाजवळ उडत असताना त्याच्या पंख्याचे पोलादी पाते तुटले आणि थेट पिशवीत घुसले. वायू निघून जाऊन जहाज दगडासारखे कोसळले आणि चौघेही लष्करी उड्डाणकर्मी ठार झाले. मार्शाल, शोरे, व्हँसनो आणि रेओ ही त्यांची नावे पुढे चार नव्या जहाजांना दिली गेली. त्यांपैकी लबोदींनी बांधलेले एकच होते, बाकीची अस्त्रा आणि क्लेमाँ-बायार या प्रतिस्पर्ध्यांची.

परदेशातही मागणी होती. रशियाने एक जहाज घेऊन त्याला ‘लेबेद’ (हंस) असे नाव दिले, तर ऑस्ट्रियात याच पद्धतीचे जहाज परवान्याने बांधले गेले. इंग्लंडमध्ये ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राने वाचकांकडून वर्गणी गोळा करून लबोदींना १०३ मीटर लांबीचे जहाज बांधायला सांगितले. २६ ऑक्टोबर १९१० रोजी ते म्वासाँहून खाडी ओलांडून सुमारे साडेपाच तासांत फार्नबरोला नीट पोहोचले. तिथली शेड ठरलेल्या मापाने बांधली होती, पण मधल्या काळात कंपनीने जहाजाची उंची सुमारे १० फुटांनी वाढवली होती आणि ते कळवलेच नव्हते. जहाज आत ओढताना वरची पिशवी छताला लागून फाटली. दुरुस्तीनंतर मे १९११ मध्ये ते पुन्हा उडाले आणि उतरताना झाडांत सापडून कायमचे निकामी झाले.

या सुमारास लष्कराच्या मागण्या अस्त्रा, क्लेमाँ-बायार आणि झोदियाक या कंपन्यांकडे वळू लागल्या होत्या. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर बांधलेले ‘तिसांदिये’ हे लबोदींच्या शेवटच्या जहाजांपैकी एक. झोदियाकचे नाव नंतर हवा भरलेल्या रबरी होड्यांमुळे टिकून राहिले.