शपथ आधी मुलांना, मोठ्यांना नंतर : लहानांच्या बेसबॉलमधील खिलाडूवृत्तीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या लीग चालवणाऱ्या संस्थेत, मुलांसाठी शपथ लिहिली गेली ती १९५४ मध्ये. पालक आणि स्वयंसेवकांसाठी तशी शपथ आली २००२ मध्ये. म्हणजे आठ-दहा वर्षांच्या पोराकडून सचोटीने खेळण्याचं वचन घ्यायचं हे संस्थेला लगेच सुचलं. कुंपणाबाहेर बसलेल्या त्याच्या बापाकडूनही काहीतरी वचन घ्यायला हवं, हे कळायला जवळपास अर्धं शतक गेलं. लहानांच्या बेसबॉलमधल्या खिलाडूवृत्तीचा इतिहास मला या मधल्या काळात दिसतो. या काळात जे जे बिघडलं, त्यातलं बहुतेक मोठ्यांनी बिघडवलं होतं.

आज न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत वसंत ऋतू सुरू झाला की मुलांचे बेसबॉलचे गणवेश धुऊन वाळत पडलेले दिसतात. क्रिकेटवर वाढलेले आई-बाबा घडीच्या खुर्च्या घेऊन मैदानावर जातात, नियम हळूहळू शिकतात आणि पहिल्याच हंगामात कुणीतरी पालक पंचावर खेकसताना ऐकतात. हे कुठून आलं, हे त्यांनाही ठाऊक असायला हवं.

विल्यम्सपोर्ट हे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं लाकूड-व्यापाराचं जुनं गाव. तिथे कार्ल स्टॉट्झ नावाचा एक साधा नोकरदार राहत होता. १९३८ मध्ये तो अंगणात आपल्या दोन भाच्यांबरोबर चेंडू खेळत होता. खेळता खेळता त्याचा पाय लायलॅकच्या झुडपात अडकला आणि तो पडला. तिथेच बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं, की या पोरांना खऱ्या खेळाडूंसारखे कपडे, खरा पंच आणि त्यांच्या उंचीला साजेसं मैदान का मिळू नये? बेस म्हणजे धाव काढताना गाठायचे टप्पे; मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसमधलं अंतर ९० फूट असतं. तेवढं धावता धावता लहान मूल हमखास बाद होतं. स्टॉट्झने बेसच्या जागी वर्तमानपत्रांच्या घड्या ठेवल्या, मुलांना पुन्हा पुन्हा पळायला लावलं आणि घड्या मागेपुढे सरकवत योग्य अंतर शोधलं. ते ठरलं ६० फूट. पहिला सामना ६ जून १९३९ रोजी झाला आणि लंडी लंबरने लायकमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं.

त्याआधी अमेरिकेतली मुलं मोकळ्या जागेत आपली आपण खेळत, अगदी आपल्या गल्ली क्रिकेटसारखी. संघ तीच पाडत, भांडण झालं तर तीच मिटवत, कारण न मिटवलं तर खेळच बंद पडणार हे त्यांना कळत होतं. स्टॉट्झने मुलांना गणवेश दिले, वेळापत्रक दिलं, पंच दिला. हे सगळं चांगलंच झालं. पण भांडण मिटवण्याचं काम त्यामुळे मुलांच्या हातून गेलं, आणि बघायला येणाऱ्या मोठ्यांना एक बाजू मिळाली.

पुढचा वेग जबरदस्त होता. १९४७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद विल्यम्सपोर्टच्याच मेनार्ड संघाने जिंकलं. यू. एस. रबर कंपनी प्रायोजक म्हणून आली. त्याच कंपनीतले पीटर मॅकगव्हर्न १९५२ मध्ये संस्थेचे अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये अंतिम सामना पहिल्यांदा टीव्हीवर दिसला. बारा वर्षांची पोरं देशभर दिसू लागली. स्टॉट्झला गल्लीतली लीग हवी होती. स्पर्धेचा वाढता पसारा आणि त्यामागचं धंद्याचं गणित त्याला मान्य नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली आणि १९५०च्या दशकाच्या मध्यात, ज्याने हे उभं केलं, तोच त्यातून बाहेर पडला. मुलांची शपथ लिहिली ती मॅकगव्हर्न यांनी. देवावर विश्वास, देशावर प्रेम, कायद्याचा मान, सचोटीने खेळणं, जिंकण्यासाठी झटणं आणि हार-जीत काहीही झाली तरी जीव ओतून खेळणं, एवढाच तिचा आशय.

ती लिहून वर्षही उलटलं नव्हतं, तेवढ्यात कसोटीची वेळ आली.

दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये कॅनन स्ट्रीट वायएमसीए या समाजसेवी संस्थेने कृष्णवर्णीय मुलांची लीग चालवली होती. १९५५ मध्ये त्यांच्या निवडक संघाने राज्य स्पर्धेसाठी नाव नोंदवलं. ही मुलं मैदानात येणार म्हटल्यावर गोऱ्यांच्या ६१ लीगांनी स्पर्धेतून अंग काढून घेतलं. या संघाला वगळावं, ही मागणी मुख्यालयाने फेटाळली. संस्थेच्या नियमांत वर्णभेदाला जागा नव्हती. एवढ्यापर्यंत सगळं योग्य झालं. पण प्रतिस्पर्धीच न उरल्यामुळे कॅनन स्ट्रीटचा संघ न खेळताच राज्य विजेता ठरला आणि पुढच्या फेरीच्या वेळी संस्थेने नियम दाखवला, की मैदानावर सामना जिंकलेला संघच पुढे जाऊ शकतो. ज्यांनी खेळायला नकार दिला त्यांची शिक्षा खेळायला तयार असलेल्यांना मिळाली.

मुलांना पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला बोलावलं. बसने लांबचा प्रवास करून ती आली. गणवेश अंगात, पण खेळायची परवानगी नाही. मैदानावर त्यांची ओळख करून दिली तेव्हा प्रेक्षकांमधून घोष सुरू झाला, ‘त्यांना खेळू द्या!’ प्रेक्षकांच्या वागणुकीवर लिहिताना आपण नेहमी शिव्या आणि आरडाओरडाच आठवतो. त्या दिवशी कार्यालयात बसलेल्यांपेक्षा बाकांवर बसलेल्यांना खेळाची जास्त चाड होती. ती मुलं सामना पाहून परत गेली. २००२ मध्ये, प्रौढ झाल्यावर, त्यांना १९५५च्या राज्य विजेतेपदाचा ध्वज देण्यात आला. मोठ्यांची शपथ आली ते वर्षही हेच. बाहेर पडलेल्या गोऱ्या लीगांनी मात्र आपली वेगळी संघटना काढली आणि ती दक्षिणेत वर्षानुवर्षं चालली.

त्याच उन्हाळ्यात फ्लोरिडात वेगळं घडलं. पेन्सकोला जेसीज हा कृष्णवर्णीय मुलांचा संघ आणि ऑरलँडो किवॅनिस हा गोऱ्या मुलांचा संघ समोरासमोर येणार होते. ऑरलँडोच्या मुलांनाच विचारलं गेलं, खेळायचं की नाही? मुलांनी मत दिलं, खेळायचं. सामना झाला, ऑरलँडोने ५-० असा जिंकला. दक्षिणेतल्या त्या वातावरणात बारा वर्षांच्या पोरांनी हा निर्णय घेतला, हे मला शपथेच्या कुठल्याही ओळीपेक्षा मोठं वाटतं.

मुलींच्या बाबतीतही असाच अनुभव आला. १९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन इथे मारिया पेपे ही मुलगी संघात खेळली. संघातल्या मुलांची तक्रार नव्हती. लीगची मान्यता काढून घेऊ, असा इशारा वरून आला आणि तीन सामन्यांनंतर तिला थांबावं लागलं. प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७४ मध्ये मुलींना प्रवेश खुला झाला. तोवर मारियाचं वय नियमात बसत नव्हतं.

जिंकण्याची हाव मोठ्यांना कुठवर नेते, त्याचे दाखले थोडक्यात सांगतो. १९९२ मध्ये फिलिपिन्सच्या झांबोआंगा शहराच्या संघाने लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना जिंकला. नंतर कळलं की संघात अपात्र खेळाडू होते, आणि विजेतेपद गेलं. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या एका डावखुऱ्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलाने, साऱ्या देशाला वेड लावलं. तो बारा नव्हे, चौदा वर्षांचा निघाला. कागदपत्रं मोठ्यांनी बदलली होती. त्यांनी मुलाला वापरून घेतलं, असं संस्थेच्या अध्यक्षांनी तेव्हा स्पष्ट म्हटलं. २०१४ मध्ये शिकागोच्या जॅकी रॉबिन्सन वेस्ट संघाने अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं. लीगच्या हद्दीबाहेरची मुलं घेतल्याचं सिद्ध झालं आणि २०१५ मध्ये तेही काढून घेतलं गेलं. या तिन्ही प्रकरणांत कागद मोठ्यांनी रंगवले आणि हातातून गेलं ते मुलांच्या.

याच शिकागो संघाने २०१४ मध्ये ऱ्होड आयलंडच्या कंबरलँड संघाला ८-७ असं हरवलं होतं. सामना संपल्यावर कंबरलँडचे प्रशिक्षक डेव्ह बेलील यांनी मुलांना मैदानातच गोल करून बसवलं. पोरं रडत होती. बेलील यांच्या अंगावर माइक होता, त्यामुळे त्यांचं बोलणं देशभर ऐकू गेलं. आधी त्यांनी मुलांना मान वर करायला सांगितलं, मला तुमचे डोळे दिसू देत म्हणाले. हरलो हे लपवलं नाही. शेवटपर्यंत झुंजलात, गावाला तुमचा अभिमान आहे, हे सांगितलं. कुणाच्या चुकीचा उल्लेख नाही, पंचाचा तर नाहीच. प्रशिक्षकाने हरलेल्या मुलांशी कसं बोलावं, हे शिकायला ती दोन-चार मिनिटं पुरेशी आहेत.

असं बोलणं हा निव्वळ भलेपणा नाही, त्यामागे अभ्यास उभा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल हे मानसशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात लिटल लीगच्या मैदानांवर जाऊन बसले. त्यांनी ५१ प्रशिक्षकांच्या वागण्याची नोंद केली आणि ५४२ मुलांशी बोलले. मुलांना प्रशिक्षक आवडतो की नाही, हे संघ किती सामने जिंकला यावर नव्हे, तर चूक झाल्यावर तो कसा वागतो यावर ठरत होतं. मग त्यांनी प्रशिक्षकांसाठी छोटं प्रशिक्षण आखलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांतली ५ टक्के मुलं पुढच्या वर्षी खेळ सोडून गेली आणि इतर संघांतली २६ टक्के. दोन्हीकडचं जिंकण्याचं प्रमाण सारखंच होतं. ओरडून सामने जास्त जिंकता येतात असं मानणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तरी पालकांपर्यंत हे पोहोचायला वेळ लागला. १९९८ मध्ये जिम थॉम्पसन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉझिटिव्ह कोचिंग अलायन्स ही संस्था सुरू केली. नियम, प्रतिस्पर्धी, पंच, सोबती आणि आपण स्वतः, या पाचांचा मान राखायचा, अशी तिची शिकवण. २००० मध्ये फ्लोरिडातल्या ज्युपिटर गावच्या क्रीडा संघटनेने पालकांनी खिलाडूवृत्तीच्या वर्गाला बसणं सक्तीचं केलं. वर्ग केला नाही तर मूल खेळणार नाही. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांच्या आइस हॉकीच्या सरावात दोन बापांची मारामारी झाली, त्यात एकाचा जीव गेला आणि सारा देश हादरला. पालकांची शपथ आली ती या सगळ्यानंतर. पंचांचा निर्णय मानीन आणि निकाल काहीही लागो, चांगल्या प्रयत्नाचं कौतुक करीन, अशा ओळी तिच्यात आहेत.

शपथेने सगळं सुधारलं असं नाही. २०१९ च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या लेकवूडमध्ये सात वर्षांच्या मुलांचा सामना चालू होता. पंच होता तेरा वर्षांचा मुलगा. त्याच्या निर्णयावरून मोठी माणसं मैदानात घुसली आणि एकमेकांना गुद्दे घालू लागली. सात वर्षांची पोरं ते बघत होती.

याच्या शेजारी २०२२ सालचा वेकोचा प्रसंग ठेवावासा वाटतो. टेक्सासमधल्या या शहरात विभागीय अंतिम सामना होता, पेअरलँड विरुद्ध ओक्लाहोमातला टल्सा. पेअरलँडच्या पिचरचा वेगवान चेंडू टल्साच्या बॅटरच्या हेल्मेटवर आदळला. बॅटर खाली कोसळला, मग सावरून पहिल्या बेसवर गेला. त्याने पाहिलं तर पिचर माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, उभ्या उभ्या रडत होता, आपल्या हातून काय झालं या धसक्याने. बॅटरने हेल्मेट काढलं, बेस सोडून माउंडकडे चालत गेला आणि त्याला मिठी मारली. तू छान खेळतोयस, असं त्याने त्याला सांगितलं. मग दोन्ही संघ माउंडभोवती जमले. सामना पेअरलँडने जिंकला. मोठ्यांपैकी कुणी त्या बॅटरला हे करायला सांगितलं नव्हतं.

आता खरी अडचण पंचांची आहे. गावोगावच्या लीगांमध्ये पंच बहुधा स्वयंसेवक असतात, नाहीतर थोड्या मानधनावर उभी राहणारी शाळकरी मुलं. शिव्या खाऊन ती एकदा घरी गेली की परत येत नाहीत. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लीगने २०२३ मध्ये यावर नियमच केला. पंचाला वाईटसाईट बोलणाऱ्या प्रेक्षकाने आधी स्वतः तीन सामन्यांत पंच म्हणून उभं राहायचं. तोवर मैदानावर बसायचं नाही. नकार दिला तर वर्षभर बंदी.

मला हा नियम मनापासून पटतो. माउंड आणि होम प्लेट (बॅटर जिच्याजवळ उभा राहतो ती पाटी) यांच्यात ४६ फुटांचं अंतर असतं आणि चांगल्या पिचरचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्यात पंचाने तो गुडघ्याच्या वर होता की खाली, प्लेटवरून गेला की कडेने, हे ठरवायचं असतं, तेही बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या डोक्यावरून बघत. खुर्चीत बसून तिरकं दिसणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. डेप्टफर्डमध्ये दोन स्वयंसेवक पंचांनी काम सोडलं होतं, त्यानंतर हा नियम आला.