३० फ्रेम २५ मध्ये बसवताना

सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती सुरू आहेत, काठावरचा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, टिपतो आहे आणि आयर्विन पुलावर उभ्या असलेल्या मित्राचा मोबाइल ३०, असे समजू. दोन्ही चित्रीकरणे वेगवेगळी पाहिली तर निर्दोष वाटतात. मात्र एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने जोडण्याच्या पट्टीवर, ती एकामागोमाग लावली की मोबाइलमधली होडी अडखळू लागते. अशा वेळी दोष संगणकाला दिला जातो, पण गोम भागाकारात असते.

होडीचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर ३० फ्रेमच्या चित्रीकरणात ती प्रत्येक फ्रेमला १० सेंटिमीटर पुढे सरकते. ३० फ्रेम २५ मध्ये बसवण्यासाठी सॉफ्टवेअर सहसा दर सहावी फ्रेम गाळते. त्यामुळे होडी चार वेळा १० सेंटिमीटर सरकते आणि पाचव्या वेळी एकदम २० सेंटिमीटर पुढे जाते. असा झटका सेकंदाला पाचदा बसतो. समोर बसून बोलणाऱ्या माणसाच्या चित्रणात तो जाणवतही नाही, पण कॅमेरा संथपणे पुलाच्या खांबांवरून फिरत असेल तर लगेच डोळ्यांत खुपतो.

सिनेमाच्या २४ फ्रेमची अडचण उलट आहे, कारण तिथे दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. त्यापेक्षा ते चित्रीकरण सुमारे ४ टक्के अधिक वेगाने चालवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. आवाजाची पट्टी किंचित चढते, ती नंतर उतरवता येते. ५० फ्रेमचे गणित सर्वांत सोपे आहे. एकाआड एक फ्रेम घेतली की गती नेहमीची राहते आणि सगळ्या फ्रेम वापरल्या की निम्म्या वेगाचे, खरेखुरे स्लो मोशन मिळते. दोन फ्रेमच्या मधले चित्र अंदाजाने तयार करणारी ऑप्टिकल फ्लो पद्धतही उपलब्ध आहे, परंतु वल्ह्यावरून उडणाऱ्या पाण्याच्या थेंबांचा माग तिला नीट लागत नाही आणि तिथे चित्र वितळल्यासारखे दिसते.

आपल्याकडे २५ हा आकडा आला तो विजेमुळे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांचा आहे आणि टीव्हीची मानकेही त्याच हिशेबाने ठरली. अमेरिकेत ६० हर्ट्झमुळे ३० फ्रेम आल्या आणि १९५३ मध्ये रंगीत प्रक्षेपणाच्या मानकासाठी त्यांच्या २९.९७ झाल्या. ५० हर्ट्झवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. त्यामुळे बक्षीस समारंभ सभागृहात असेल, तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सारखाच प्रकाश मिळतो. १/६० ठेवल्यास चित्र लुकलुकू शकते.

मोबाइलची आणखी एक खोड आहे. अंधुक प्रकाशात अनेक मोबाइल फ्रेमची संख्या आपोआप घटवतात, त्यामुळे एकाच फाइलमध्ये फ्रेमचा दर बदलत राहतो आणि एडिटिंग करताना ओठांची हालचाल व आवाज यांचा मेळ हळूहळू सुटत जातो. अशी फाइल टाइमलाइनवर आणण्यापूर्वीच स्थिर दरात रूपांतरित करावी.

मोबाइलमध्ये २५ चा पर्याय नसेल आणि ३० किंवा ६० यांतूनच निवडायचे असेल, तर शर्यतीसाठी मी ६० निवडेन. त्यात होडी दर फ्रेमला ५ सेंटिमीटर सरकते. २५ मध्ये बसवल्यावर तिची पावले १०, १०, १५, १०, १५ सेंटिमीटरची होतात, आणि २० सेंटिमीटरची उडी टळते.