खुष्कीने आफ्रिका : समूहाचा ट्रक-प्रवास

आफ्रिका खंडातील अनेक देशांच्या सीमा जमिनीवरून ओलांडत, खास बांधणीच्या ट्रकमधून, एरवी एकमेकांना अनोळखी असलेल्या पंधरा ते पंचवीस जणांनी काही आठवडे किंवा महिने मिळून केलेल्या प्रवासाला ‘ओव्हरलँड’ प्रवास म्हणतात. जुन्या मराठीत त्याला खुष्कीचा प्रवास म्हटले असते. विमानाने उतरून एखाद्या अभयारण्यात तीन-चार रात्री काढण्याच्या सफारीहून हा प्रकार वेगळा आहे. येथे प्रवासी पैसे मोजून आलेला असला, तरी तंबू ठोकणे, भाजी चिरणे आणि भांडी घासणे ही कामे त्याच्याच वाट्याला येतात, आणि दिवसाचा मोठा भाग प्राणी पाहण्यात नव्हे, तर रस्त्यावर जातो.

मोटारीने आफ्रिका ओलांडण्याचे पहिले गाजलेले प्रयत्न १९२४ सालचे आहेत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सित्रोएन कंपनीची आठ वाहने अल्जीरियातील कोलोम-बेशार येथून निघाली. त्यांना मागच्या बाजूस चाकांऐवजी रबरी पट्टे होते, आणि सहारा व काँगो पार करून जून १९२५ मध्ये हे पथक मादागास्करला पोहोचले. त्याच सुमारास स्टेला आणि चॅप्लिन कोर्ट ट्रीट हे ब्रिटिश दांपत्य क्रॉस्ली बनावटीच्या दोन गाड्या घेऊन केपटाउनहून निघाले आणि तब्बल सोळा महिन्यांनी, जानेवारी १९२६ मध्ये, कैरोत दाखल झाले. मात्र या वसाहतकाळातील मोहिमा होत्या. सामान्य माणसाने तिकीट काढून जाण्याचा प्रवास १९६०-७० च्या दशकांत रुजला. ब्रिटिश लष्कराने निकाली काढलेले बेडफर्ड ट्रक स्वस्तात मिळत, त्यांच्या हौद्यात बाके बसवली जात, वर ताडपत्री ताणली जात, आणि लंडनहून निघालेला हा ट्रक सहारा, नायजर, मध्य आफ्रिका आणि झाईर (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) या वाटेने चार-पाच महिन्यांत नैरोबी गाठत असे. वाळूत रुतलेल्या चाकांखाली लोखंडी पट्ट्या सरकवणे आणि झाईरच्या चिखलातून ट्रक खणून काढणे हे तेव्हाच्या प्रवाशाचे नित्यकर्म होते. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेचा शिक्का पासपोर्टवर पडणे अडचणीचे ठरे, आणि भारतीय पासपोर्टवर तर त्या देशाचा प्रवास निषिद्धच होता.

या प्रवासाचा नकाशा भूगोलापेक्षा राजकारणाने अधिक वेळा बदलला आहे. १९९२ नंतर अल्जीरियात यादवी पेटल्याने सहाराची मधली वाट बंद पडली आणि १९९६ मध्ये झाईरमध्ये सुरू झालेल्या युद्धाने पुढचा टप्पाही गेला. याच काळात नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९४ च्या निवडणुकीनंतर दक्षिण आफ्रिकेची दारे उघडली. परिणामी, वायव्येकडून खंड कापत येणारी वाट मागे पडली आणि सारी वर्दळ पूर्व व दक्षिण आफ्रिकेकडे सरकली. केप ते कैरो हा सलग प्रवास दीर्घकाळ अनेकांचे लक्ष्य राहिला. परंतु एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध भडकल्यापासून ती साखळीही तुटली आहे. ‘संपूर्ण आफ्रिका’ असे जाहिरातीत छापले, तरी प्रत्यक्षात त्या वर्षी जेवढी आफ्रिका उघडी असेल तेवढीच पाहायला मिळते.

सध्याचा रुळलेला मार्ग नैरोबी ते केपटाउन असा असून त्याला साधारण आठ आठवडे लागतात. युगांडातील गोरिलांसाठी पश्चिमेकडे वळसा घेऊन, मग सेरेंगेटी, झांझिबार, मलावी सरोवर, व्हिक्टोरिया धबधबा, बोत्स्वानातील चोबे अभयारण्य, ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश, नामिबियातील इटोशा अभयारण्य आणि नामिब वाळवंट असा त्याचा क्रम असतो. टांझानियातील गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरात हा अवजड ट्रक उतरू देत नाहीत. तो बाहेर ठेवून लहान जीपने खाली जावे लागते. झांबिया आणि बोत्स्वाना यांच्यामध्ये कझुंगुला येथे पूर्वी तराफ्यावरून झांबेझी नदी ओलांडावी लागे आणि मालट्रकांची रांग दिवसेंदिवस हलत नसे. मे २०२१ मध्ये तेथे ९२३ मीटर लांबीचा पूल सुरू झाला; झिंबाब्वेची हद्द टाळण्यासाठी तो मुद्दाम वळणदार बांधला आहे.

ट्रक हे येथे वाहन कमी आणि बिऱ्हाड अधिक असते. प्रवासी वरच्या मजल्यावर बसतात, तर खाली दोन्ही अंगांना झाकणांची कपाटे असतात. एका कपाटात तंबू, दुसऱ्यात शेगड्या आणि पातेली, तिसऱ्यात कांदे-बटाट्यांची पोती. शिवाय पिण्याच्या पाण्याची टाकी, जादा डिझेल, दोन सुटी चाके आणि पैशांची तिजोरी. स्वयंपाकासाठी तीन-चार जणांचे गट पाडलेले असून त्यांची पाळी ठरलेली असते. पंचवीस माणसांसाठी ठराविक पैशांत वाटेवरच्या बाजारातून टोमॅटो घासाघीस करून आणण्याचे कामही त्यांचेच. भांडी धुण्याची पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे. ओळीने तीन टब मांडतात: पहिल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे, तिसऱ्यात जंतुनाशक. त्यानंतर ताटे फडक्याने पुसायची नाहीत, कारण एका ओल्या फडक्यातून सगळ्यांची पोटे बिघडू शकतात; म्हणून जेवणानंतर सगळे जण वर्तुळात उभे राहून हातातली ताटे-वाट्या पंख्यासारख्या हलवत वाळवत असतात. दुरून पाहणाऱ्याला ही एखादी कवायत वाटावी. बांधीव छावणी नसलेल्या रानातल्या मुक्कामी शौचासाठी फावडे घेऊन दूर जायचे असते, आणि अंधार पडल्यावर एकट्याने जायचे नसते.

सामायिक खर्चाच्या वर्गणीला ‘किटी’ म्हणतात. ती प्रवासाच्या सुरुवातीला रोख, बहुधा अमेरिकी डॉलरमध्ये भरायची असते. जुन्या छपाईच्या किंवा फाटक्या नोटा अनेक ठिकाणी नाकारल्या जातात. वाहनासाठी ‘कार्ने’ नावाचा जकातीचा दस्तऐवज बाळगावा लागतो. हे वाहन देशात विकले जाणार नाही, बाहेर जाईल, अशी ती हमी असते. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांसाठी २०१४ पासून एकच संयुक्त पर्यटन व्हिसा मिळतो. टांझानिया त्यात नाही. भारतातून जाणाऱ्याला पीतज्वराची लस प्रवासाआधी किमान दहा दिवस मान्यताप्राप्त केंद्रात घ्यावी लागते. तिचा दाखला २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. तो नसताना पीतज्वराच्या देशातून परतणाऱ्याला भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. दक्षिणेकडे गुरांचा लाळ-खुरकुत रोग पसरू नये म्हणून उभारलेले तपासणी नाके आणखी वेगळे. नामिबियात उत्तरेकडून दक्षिणेकडे कच्चे मांस नेता येत नाही आणि बोत्स्वानात बुटांचे तळवेही औषधात बुडवून घेतात, त्यामुळे जाणता आचारी आदल्या रात्रीच मांस शिजवून संपवतो. मराठी प्रवाशाचे लक्ष मात्र पूर्व आफ्रिकेच्या पाट्यांकडे आधी जाते: स्वाहिलीत वाहनाला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात, आणि टपरीवर चपातीला चपातीच.

या प्रवासावरची टीका निराधार नाही. अकुशल वाटणाऱ्या शारीरिक श्रमांमुळे प्रवाशाला आपण आफ्रिकेत मिसळलो असे वाटते, परंतु तो बहुधा आपल्याच ट्रकमध्ये मिसळलेला असतो. शिधा मोठ्या शहरातील सुपरमार्केटमध्ये भरलेला, मुक्काम कुंपणाआडच्या तळावर, आणि संध्याकाळ त्याच वीस जणांसोबत. त्यामुळे वाटेवरच्या खेड्यांच्या हाती टोमॅटोच्या पैशांपलीकडे फारसे लागत नाही. बाजूने जाणारे स्थानिक प्रवासी खच्चून भरलेल्या मताटूमधून (तिथल्या वडापच्या मिनीबसमधून) किंवा मालट्रकच्या पोत्यांवर बसून तेच अंतर कापत असतात. दुसरीकडे, एकट्या प्रवाशाला न झेपणारे दुर्गम टप्पे समूहामुळे शक्य होतात, हेही खरे आहे. पूर्वी चालक आणि म्होरके बहुतांशी ब्रिटनमधून येत. आता केनिया, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिकेतील चालक, आचारी व मार्गदर्शक या ट्रकांवर मोठ्या संख्येने दिसतात.